एक निरोगी मनगट हवे आहे

शुक्रवारपर्यंत वल्लरीला साठीच्या पुढचा एक निरोगी हात हवा होता. मनगटातली नस दाबली गेली की ती सुजते आणि हात बधिर होतो. ही सूज सोनोग्राफीत पकडता येते का, हा तिच्या अभ्यासाचा विषय. दुखऱ्या हातांचे चाळीस जण कधीच जमले होते. निरोगी मात्र एकोणचाळिसावर अडले. चाळिसावा मिळाला नाही तर प्रोफेसर अहवाल पुढे पाठवणार नव्हते आणि वर्षभराची मेहनत पाण्यात जाणार होती.

शेवटी तिने सासऱ्यांबरोबर पुण्याहून तिच्या परदेशातल्या, हौगांगच्या फ्लॅटवर राहायला आलेल्या सासूबाईंना, नंदाताईंना, गळ घातली.

"आई, फक्त एक सांभाळा. कोण आजारी, कोण बरं, हे मोजणाऱ्या अमेयला कळता कामा नये. दुखण्याबिखण्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही."

"नाही काढणार," नंदाताई म्हणाल्या आणि फॉर्मवरच्या प्रत्येक प्रश्नापुढे त्यांनी सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिलं.

अमेयने मनगटावर जेल लावून प्रोब फिरवला. आकडा बघायला वल्लरी पुढे वाकली. चौदा चौरस मिलिमीटर! निरोगी नस आठ-नऊच्या वर जात नाही.

"परत माप."

"का?"

"ते तुला सांगता येत नाही."

अमेयने तीनदा मोजलं, मशीन बदललं, स्वतःचंही मनगट तपासलं. ते साडेआठ भरलं. "मशीन ठीक आहे. मग मीच चुकतोय का? आधीचे एकोणऐंशीही चुकले असतील?" तो रडवेला झाला.

"मी पास झाले ना?" नंदाताईंनी विचारलं.

"आई, खरं सांगा, हात कधी बधिर होतो?"

नंदाताईंनी अमेयकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. अखेर त्याला बाहेर पाठवावं लागलं.

"दोन वर्षं होतोय. लाटणं हातातून सुटतं."

"मग फॉर्मवर 'नाही' का लिहिलंत?"

"तूच म्हणालीस, अवाक्षर काढायचं नाही."

"अहो, पण घरी तरी बोलायचं!"

"घरी कोणी विचारलं?"

एकोणऐंशी परक्यांना हाच प्रश्न विचारून आलेल्या वल्लरीला मनापासून लाज वाटली. तिने लगेच त्यांच्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली. पण चाळिसावा हात गेला तो गेलाच.

"निरोगीच हवा ना?" जेल पुसत नंदाताई म्हणाल्या. "मग आमच्या ह्यांना ने. चाळीस वर्षांत पाण्याचा पेलासुद्धा स्वतः भरून घेतलेला नाही."

गुरुवारी सासरे, यादवराव, येऊन गेले. साडेसात! इतकी सुंदर नस अमेयने अख्ख्या अभ्यासात पाहिली नव्हती. यादवरावांनी त्या फोटोची प्रिंट मागून घेतली आणि घरी येताच नंदाताईंच्या हातात दिली.

"ही फ्रिजवर लाव," सोफ्यावर बसत ते म्हणाले.