भिलानाना शेजारीण शोधतात

भिलानाना व्हिडिओ गेममध्येसुद्धा लाल सिग्नलला थांबतात. खेळ गुप्तहेराचा. समुद्रकाठचं एक परकं शहर, त्यात वाटेल तिकडे हिंडायचं आणि गुन्ह्यांचा छडा लावायचा. पुढे संशयित पळत असतो, मागे हॉर्न वाजत असतात, आणि नाना रिमोट मांडीवर ठेवून म्हणतात, "जाई जाई कथा जाई तो?" म्हणजे, जाऊन जाऊन जाणार कुठे.

नाना आमच्या अमळनेरच्या गल्लीतले निवृत्त पोलीस जमादार. पुण्याच्या जावयाने खेळाचं नवं यंत्र घेतलं आणि जुनं यांच्या टीव्हीला जोडून दिलं. खेळातली माणसं इंग्रजी बोलतात. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, म्हणून पडद्याच्या तळाशी येणाऱ्या ओळी मराठीत सांगायला ते मला बोलावतात. माघात माझी पत्नी गेली. तेव्हापासून दुपारी मला कुठे जायचं नसतं. मी जातो.

नानांचे कायदे त्या शहराला ठाऊक नाहीत. खेळात कुलूप तोडता येतं. नाना दार वाजवतात आणि बाजूला सरून उभे राहतात. "आत बाईमाणूस असीन." प्रेत सापडलं की दोनशे पानी वहीत पंचनामा. "सही करा सर." आजवर चार खुनांना मी पंच आहे. दुसरा पंच मिळत नाही म्हणून नाना अस्वस्थ असतात.

मग ते गोदीतल्या खलाशाचं प्रकरण आलं. बेपत्ता खलाशी नानांनी गोदामामागे शोधला, मेलेला. आता निळ्या घरात राहणाऱ्या त्याच्या बायकोला कळवायचं होतं. दार उघडलं, ती समोर उभी. 'हे बटण दाबा' अशी सूचना आली. नानांनी रिमोट खाली ठेवला.

"एकली शे ती."

"गेम आहे नाना."

"असू द्या. नोकरीत मी असे लई निरोप पोचवले सर. एकट्या बाईला दारात सांगत नसतात. आधी शेजारीण बोलवायची. ती पाण्याचा तांब्या घेऊन जवळ बसली, की मग तोंड उघडायचं."

आणि नाना शेजारीण शोधायला निघाले. एक फळवाली भेटली. काही विचारा, ती म्हणे, "आज वारा फार आहे." मी ते रोज इमानाने मराठीत सांगायचो.

"तिला म्हणा, पाच मिनिटांचं काम शे."

"तिला म्हणता येत नाही."

एका छत्रीवाल्या बाईमागे नाना इतके चालले की तिथल्या पोलिसांनीच त्यांना हटकलं. नाना खूश झाले. "गस्त चांगली शे यांची."

असा महिना गेला. खेळ पुढे सरकेना. निळ्या घराच्या खिडकीत ती बाई उभीच असायची, आणि मला तिच्याकडे बघवेना. एका दुपारी मी चिडलोच. "नाना, या गावात शेजारीच नाहीत. बनवणाऱ्यांनी ठेवलेच नाहीत."

नानांनी पंचनाम्याची वही मिटली. त्यांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी कधी विचारलं नव्हतं, तेव्हा विचारलं. "तुम्हाला कसं कळलं होतं?"

"फोनवर. धुळ्याला बंदोबस्ताला होतो. बदली माणूस येईपर्यंत तसाच चौकात उभा."

"सोबत कोण होतं?"

"गर्दी व्हती ना बठ्ठी. सगळा चौक भरलेला."

मी खुर्ची टीव्हीजवळ ओढली. "चला. तिच्याकडे मी येतो. वरच्या मजल्यावर राहतो समजा."

"बाई पाहिजे होती," नाना म्हणाले. मग माझ्याकडे नीट पाहिलं. "चालीन."

आत जाऊन त्यांनी पाण्याचा तांब्या आणला, टीव्हीसमोर ठेवला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि निळ्या घराचं दार वाजवलं.

गुप्तहेर बोलला ते मी मराठीत सांगितलं. बाई खुर्चीत बसली. ती एकच वाक्य बोलली. मी ते वाचलं, पण सांगू शकलो नाही. नानांनी विचारलं नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात पुढच्या प्रकरणाचा बाण लुकलुकू लागला.

"पुढे जायचं म्हणतोय," मी म्हणालो.

"लगेच उठायचं नसतं."

आम्ही बसलो. बराच वेळ हालचाल नाही म्हणून पडदा आपोआप काळा झाला. नानांनी अंगठ्याने हळूच तो उजळवला. बाई तिथेच होती. पुन्हा काळा झाला, पुन्हा उजळवला. उन्हं उतरेपर्यंत ते तेवढंच करत राहिले.