चार तास सोडा

दौलतराव कोणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून मोजतात. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी वोल्ट मोजायचा मीटर. एका लग्नात त्यांनी बँडच्या गाडीची बॅटरी मोजली आणि नवरदेवाच्या वडिलांना सांगितलं, "लग्न लागंल, पण वरात अंधारात निघंल." तशीच निघाली. तेव्हापासून गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनीत त्यांना पत्रिका देताना लोक जरा विचार करतात.

जन्मभर पिंपळगावला गाड्यांचं वायरिंग केल्यावर ते आमच्या शेजारी राहायला आले आणि शाळेची एक जुनी व्हॅन घेऊन तिचं फिरतं घर केलं. आत पलंग, शेगडी, पंखा. हे घर अजून फाटकाबाहेर पडलेलं नाही. तासभर इंजिन चालवलं की आतली बॅटरी भरलेली दिसते आणि दुपारी पंखा लावला की मान टाकते. कोणी "नवी घ्या" म्हणालं, तर दौलतराव त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघतात. "दुखणं कळल्याबिगर औषध? मोजल्याबिगर बोलायचं नाय!"

माझी पत्नी सुमन गेली तेव्हा तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. दौलतराव तेवढे आले नाहीत. मी बोललो नाही, पण ते मनात राहिलं.

विसाव्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात दौलतराव.

"सर, पाय पायजे."

"काय?"

"तुमचा पाय. एक्सलेटरवर. मी मागं मोजतो."

नाही म्हणायचं सुचलं नाही, म्हणून गेलो.

"धरा तिथंच! सर, गाडी चालवताय का वर्गात पानं उलटताय?" मागून आवाज. मग पुटपुटणं. "इंजिनपाशी चौदा, हितं तेरा. मधी एक वोल्ट खातं कोण?"

पुढचे आठ दिवस रोज सकाळी आम्ही ती वायर हातहातभर तपासली. नवव्या दिवशी अर्थिंगच्या बोल्टाखाली गंज सापडला. दौलतरावांनी तो पॉलिश पेपरने घासला, बोल्ट आवळला आणि तासभर इंजिन चालवून बंद केलं.

"मोजा आता," मी म्हणालो. मलाच घाई झाली होती.

"आत्ता नाय. चार्जिंगवरून काढल्या काढल्या कोणती पण बॅटरी चांगलीच दिसती. चार तास सोडा, मग खरं कळतं."

व्हॅनच्या पायरीवर बसून ते वायर गुंडाळत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, "तेरा दिवस तुमचं घर भरलेलं, सर. तवा येऊन मला काय कळणार होतं? पिंपळगावला माझी मंडळी गेली तवा मी पण चांगलाच दिसत होतो. चौदाव्या दिवसापासून कोणी आलंच नाय."

मी वायरीचं दुसरं टोक धरलं.

दुपारी एकला त्यांनी मीटर लावला. बारा पॉइंट सात. म्हणजे पूर्ण भरलेली.

"धरली," ते म्हणाले. मीटर खिशात ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "जेवलात?"

"नाही."

"कालपासून?"

मी मान डोलावली.

"पंखा लावा," दौलतराव शेगडीकडे वळत म्हणाले. "खिचडी टाकतो."