गुंजाळसाहेबांची अर्धी बाजू

देशाच्या शेतीचं भवितव्य ज्यांच्या खांद्यावर आहे, अशी माणसं आता फार थोडी उरली आहेत. त्यांतले एक आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला आधी त्याची जमीन विचारतात.

“दोन कुंड्या,” मी पहिल्या भेटीत म्हणालो होतो.

“म्हणजे अल्पभूधारक,” गुंजाळसाहेब म्हणाले आणि खिशातल्या वहीत माझी सही घेतली. क्षेत्र : ०.००००१४ हेक्टर.

साहेब तीस वर्षं कृषी सहायक होते. निवृत्तीबरोबर शेतकरी सुटले, शिकवणं सुटलं नाही. रविवारी ते लॉबीत बादलीभर पाण्यात मीठ कालवून त्यात भाताचं बी टाकतात. तरंगलं ते पोकळ, बुडालं ते पेरायचं. “सिद्ध झालेलं आहे!” ते बजावतात. चहा बशीत ओतून प्यावा, हेही सिद्ध झालेलं आहे. कुठे, ते विचारायची आमची हिंमत नाही.

गेल्या पावसाळ्यात त्यांना एकदाची खरी शेतकरी सापडली. जवळच्याच पावणे गावच्या सुंदरबाई पाटील. दोन कारखान्यांच्या भिंतींमध्ये त्यांचं दोन गुंठे भात. मुलाला तिथे टेम्पो उभे करायचे होते.

“अर्धं तुमच्या रीतीनं लावा, अर्धं माझ्या,” साहेब म्हणाले.

“तुमची बाजू जास्त पिकली तर भात,” मुलगा म्हणाला. “नायतर टेम्पो. टेन्शनच नको.”

“चालंल,” सुंदरबाई म्हणाल्या. “पन साहेब, माज्या बाजूला हात लावाचा नाय हां.”

“अहो, नियमच आहे तो! शेजारी साधं पीक नसेल तर तंत्राचा फरक दिसणार कसा?”

लावणीला मला टेप धरायला नेलं. साहेबांनी दोरीवर अंतर मोजून दोन-तीन रोपांचा एकेक चूड लावला आणि दर चार चुडांच्या मध्ये खताची एकेक गोळी पुरली.

“भात लावताव का कॅरम मांडताव?” बांधावरून सुंदरबाईंनी विचारलं.

पुढे साहेब दर बुधवारी पावण्याला जात आणि दोन्ही बाजूंची खबर सोसायटीच्या फळ्यावर लिहीत. टाकी धुण्याची सूचना त्यासाठी दोनदा पुसली गेली. सेक्रेटरी भडकले. साहेबांनी त्यांचंही क्षेत्र विचारून घेतलं.

कापणीला ‘शेतीदिन’ झाला. कापडी फलक होता, चहा होता. प्रमुख पाहुणा मी, कारण बाकीचे अल्पभूधारक ऑफिसला गेले होते. भंगारवाल्याकडून काटा आणला. साहेबांची बाजू : बेचाळीस किलो. मी टाळ्या वाजवल्या. सुंदरबाईंची बाजू : बेचाळीस किलो.

मुलाने टेम्पोवाल्याला फोन लावला. साहेब फलकाची गाठ सोडू लागले. ती सुटेना.

“साहेब,” सुंदरबाई म्हणाल्या, “माज्या चुडांमदी गोल्या कोनी पुरल्या?”

साहेब गाठीशीच बोलले. “पिवळी पडली होती हो. इकडची हिरवीगार, आणि दोन पावलांवर ती तशी उभी. बघवेना मला.”

“म्हंजे चीटिंग!” मुलगा म्हणाला. “आणि तरी सेमच. आई, टेम्पो.”

“फोन ठेव! सेम कसला? माज्या बाजूला कदी तीस किलोच्या वर भात झालं नाय. पुरच्या सालाला सगल्यात गोल्या घालाच्या.” मग साहेबांकडे वळून, “आनि तुमी वहीत काय ता लिवा. पन चा घेतल्याबिगर जायाचा नाय.”

साहेबांनी बशीत ओतून चहा घेतला. वही काही उघडली नाही.

परतताना रिक्षात मी विचारलं, “नोकरीत असतानाही असं व्हायचं?”

साहेबांनी बाहेरचे ट्रक बघत सांगितलं. तीस वर्षांतल्या त्यांच्या प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या अहवालावर वरिष्ठांचा एकच शेरा आहे : ‘फरक आढळून आला नाही.’