वारा आरपार

पंखे दुरुस्त करणारा माणूस मोटरसायकलवरून पडला, तेव्हा त्याची मलमपट्टी त्याच्याच बायकोच्या वाट्याला आली. ती दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत नर्स होती. तिने चिमट्याने त्याच्या कोपरातली खडी एकेक करून काढली, पट्टी बांधली, आणि मग त्याच्या खिशातली गाडीची चावी काढून शांतपणे आपल्या पर्समध्ये टाकली.

"जॅकेट घ्या, मग चावी घ्या."

"अगं, या उन्हात जॅकेट? शिजून निघेन मी."

"उन्हाळ्याचं वेगळं मिळतं. जाळीचं. ज्यांच्या अंगात ते असतं, ते आमच्याकडे बोलत बोलत येतात. बाकीचे बोलत नाहीत."

आवाज चढवणे तिच्या स्वभावातच नव्हते, त्यामुळे तिच्याशी भांडणही करता येत नसे. आठ दिवस तो पंखे घेऊन बसने फिरला. हातात तीन पाती घेऊन चढणाऱ्याला बसमध्ये कोणी जवळ उभे राहू देत नाही. दिवसाला सहा घरे व्हायची, तिथे दोन होऊ लागली. नवव्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "चल, घेऊन टाकू."

तिची दुपारची ड्यूटी होती. दुकानापर्यंत हळू न्यायची, या बोलीवर चावी तेवढ्यापुरती मिळाली. ती मागे बसली, मांडीवर एका गिऱ्हाइकाचा दुरुस्त केलेला टेबलफॅन घेऊन. येताना तो पोचवायचा होता. दुकानाशी उतरताच चावी परत तिच्या पर्समध्ये गेली.

दुकानदार गोड बोलणारा, सावकाश माणूस होता. त्याने तीन जॅकेटे मांडली. पंखेवाल्याने किमतीच्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि आपल्या, पंखादुरुस्तीच्या मजुरीच्या हिशेबात पुटपुटला, "हे पाच पंख्यांचं. हे साडेतीन. आणि हे?"

"ते स्वस्तातलं, दादा. पण फुल जाळी आहे. खांद्याला, कोपराला पॅड. वारा आरपार."

"आरपार म्हणजे किती?"

दुकानदाराने इतकी वर्षे 'आरपार' हा शब्द वापरला होता, पण त्याचे माप त्याला कोणी विचारले नव्हते. "म्हणजे... भरपूर," तो म्हणाला. "गाडी चालवली की कळतं."

"गाडीवर वारा तोंडालाही लागतो आणि हातालाही. त्यातला जॅकेटातून किती आला, हे कसं कळणार?"

बायकोने डोळे मिटले. बारा वर्षांच्या संसारात हा सूर तिला पाठ झाला होता. याच सुरात त्याने एकदा घरचा फ्रिज खोलला होता, आतला दिवा खरेच विझतो का ते पाहायला.

"अहो, नुसतं मापाचं बघा ना."

"पाचच मिनिटं."

टेबलफॅन काउंटरवर चढला. पंखेवाला पाच पंख्यांचे जॅकेट घालून समोरच्या स्टुलावर वाकून बसला, हँडल धरल्यासारखे हात पुढे करून. बायको मागे, जॅकेटाच्या पाठीशी एक दोरा धरून. दोरा हलला तर वारा आला.

"हलतोय का?"

"हलतोय."

"जॅकेटातून हलतोय की बाजूने?"

"ते दोऱ्यानं मला सांगितलं नाही."

मुद्दा बरोबर होता. वारा दिसायला हवा. त्याची नजर काउंटरवरच्या टाल्कम पावडरच्या डब्यावर गेली. हातमोजे चटकन हातात जावेत म्हणून दुकानदार तो ठेवत असे. पंखेवाल्याच्या अंगात काळा टीशर्ट होता. पावडर जिथवर पोचेल तिथवर वारा पोचला, इतकी सोपी गोष्ट.

"थोडीशीच टाका," त्याने दुकानदाराला सांगितले.

दुकानदार भिडेचा माणूस. त्याने पंख्यापुढे चिमूटभर टाकली. पाच पंख्यांच्या जॅकेटाखालचा टीशर्ट काळाच निघाला. साडेतीनच्या जॅकेटात छातीवर दोन पट्टे उमटले. आता दुकानदारालाही राहवेना. इतकी वर्षे विकलेली वस्तू आतून काय करते, हे तो पहिल्यांदाच पाहत होता.

"तिसऱ्याला जरा जास्त टाकू या का, दादा?" तोच म्हणाला, आणि डबा हलवता हलवता झाकण निसटले.

क्षणभर दुकान दिसेनासे झाले. मग शिंका ऐकू आल्या. पावडर खाली बसली तेव्हा मांडणीवरची सगळी काळी जॅकेटे पांढरी झाली होती आणि दुकानदाराच्या भुवया एकदम म्हाताऱ्या. दारात पाच-सहा माणसे जमली होती, त्यांना वाटले आग लागली. पंखेवाल्याने तिसरे जॅकेट काढले. टीशर्टावर खांद्यापासून कमरेपर्यंत, पुढून आणि मागूनही, जाळीची बारीक नक्षी उमटली होती.

"आरपार," तो समाधानाने म्हणाला.

"कुठलं घातलं होतं?" दारातल्या कुरियरवाल्याने विचारले. "हेच? एवढ्या किमतीत?"

पंखेवाल्याने पाठ वळवून दाखवली, मग पुढून दाखवली, मग पंख्याच्या वेगाचे तीन टप्पे आणि त्यांचे परिणाम समजावले. एवढे ऐकून कोणी रिकाम्या हाताने जाईना. तो मागच्या नळावर हात धुऊन आला तोपर्यंत दुकान शांत झाले होते.

"माझं बांधा," तो म्हणाला.

दुकानदाराने भुवया झटकल्या. "दादा, ती गेली सगळी. तुमच्या अंगातलं होतं ते कुरियरवाले पावडरीसकट घेऊन गेले. नवा माल पंधरा दिवसांनी. एकच राहिलंय, सगळ्यात लहान साइझचं."

ते लहान जॅकेट बायकोने घालून पाहिले. चेन गळ्यापर्यंत सरळ लागली. तिने घड्याळ बघितले, पैसे दिले, हेल्मेट चढवले आणि पर्समधून चावी काढली.

"अगं, तुला कुठं येते चालवता?"

"लग्नाआधी चार वर्षं रोज चालवायचे. लायसनही आहे."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही कधी."

फ्रिजच्या दिव्याची चौकशी केलेल्या माणसाने काउंटरवरचा टेबलफॅन उचलून कवेत घेतला. "बरं, मग मी मागे बसतो," तो म्हणाला.

"जॅकेटाशिवाय? मागचाही पडतोच. महिन्याला आठ-दहा पेशंट तर मागे बसणारेच असतात. पंखा पोचवून बसने या."

एका किकमध्ये गाडी सुरू झाली. टेबलफॅन कवेत धरून, पांढऱ्या पापण्यांची उघडझाप करत तो फुटपाथवरून बघत राहिला, पण कोपऱ्यावर नेमका टेम्पो आडवा आला.

"कशी चालवते हो?" त्याने दारात आलेल्या दुकानदाराला विचारले. "तुमच्याकडून दिसलं असेल."

"छानच चालवतात," दुकानदार म्हणाला. "वळायच्या आधी इंडिकेटर दिला त्यांनी. येताना तुम्ही दिला नव्हता, दादा."