मुकादमांचा बिऱ्हाडकरू

"आबा, जरा हळू. ते जनावर आहे, भाकरीचं गाठोडं नव्हे," गीता म्हणाली.

कोंडिबांनी टोपली ओसरीवर टेकवली आणि झाकण उचलून आत पाहिलं. आतून दोन काळेभोर डोळे त्यांच्याकडे बघत होते. बाकीचं सगळं म्हणजे पांढऱ्या-तांबूस केसांचं एक भेंडोळं.

"शेपूट कुठं गेलं ह्याचं?"

"त्याला शेपूट नसतंच. गिनीपिग आहे ते."

"म्हंजे उंदीर?"

"उंदीर नाही."

"ससा?"

"ससाही नाही."

"मग मधलंच कायतरी," कोंडिबांनी निकाल दिला आणि झाकण लावून टाकलं.

कोंडिबा बांधकाम खात्यात रस्त्याचे मुकादम होते. पुणे-सातारा रस्त्याच्या कामथडीजवळच्या तुकड्यावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. न बसणारा दगड बसवायचा आणि न ऐकणारा गडी वळणावर आणायचा, ही त्यांची ख्याती. नोकरी संपली तरी गाव त्यांना मुकादमच म्हणत असे. गेल्या हिवाळ्यात त्यांची बायको सगुणाबाई गेली. तेव्हापासून मुलगी गीता जवळजवळ दर रविवारी पुण्याहून येई आणि एकच विषय काढी. ती पुण्यात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथलं हे एक जास्तीचं जनावर भोरच्या ओळखीच्या मास्तरांना द्यायचं ठरलं होतं, पण मास्तर परगावी गेलेले. म्हणून टोपली घेऊन ती परतीच्या वाटेवर वडिलांकडे उतरली होती.

"चला ना पुण्याला, आबा. ह्यांनी तुमच्यासाठी पुढची खोली रिकामी करून ठेवलीय."

"मला न्हाई करमायचं तितं."

"आणि इथं करमतं?"

आतल्या भिंतीवर, खुंटीला, सगुणाबाईंची पानसुपारीची चंची लटकत होती. बायको गेल्यावर त्यांनी घरातली एकेक वस्तू पुसून जागच्या जागी लावली होती. त्या खुंटीकडे मात्र हात गेला नव्हता. गीतालाही ते ठाऊक होतं. तिनंही तिकडे पाहिलं नाही.

"ह्येला ठिव हितं," कोंडिबा एकदम म्हणाले.

"ह्याला? अहो, नव्या जागी ही जनावरं खात नाहीत. घाबरून कोपऱ्यात बसतात. तुमच्याकडे उपाशी मरेल ते."

"ह्या घरात आलेलं कुठलं जनावर उपाशी ऱ्हायलंय आजवर?"

"तेव्हा आई होती."

हे बोलून गेल्यावर गीतानं ओठ चावला. कोंडिबांनी मात्र आवाज चढवला नाही.

"फुडल्या आइतवारी ये. हे जनावर माझ्या हातनं खाताना दिसलं, तर पुण्याचं नाव काढायचं न्हाई पुन्यांदा."

"आणि नाही खाल्लं तर?"

"तर बोचकं बांधतो. लगोलग."

गीतानं जनावराकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. ती मनातून जिंकलीच होती. "ठरलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कोंडिबा कामाला लागले. ओसरीच्या टोकाला त्यांनी बिऱ्हाड बांधायला घेतलं. खाली मोठ्या दगडांचं सोलिंग, वर मुरूम, मुरमावर चाळलेली वाळू, पाणी वाहून जायला एका बाजूला उतार. भोवती विटांची ठेंगणी भिंत. सगळ्यात वर भाताचा पेंढा. त्या पायावरून खडीचा ट्रक गेला असता तरी हललं नसतं. मग त्यांनी जनावर आत सोडलं. ते पेंढ्यात शिरलं आणि पुन्हा दिसलं नाही.

शेजारच्या ठकुबाई कुंपणावरून हे बघत होत्या. सगुणाबाईंची आणि त्यांची जन्माची मैत्री.

"भावजी, नवं जनावर घरात घेतलं, तर पायावर पाणी घातलं का?"

"न्हाई."

"भाकरतुकडा ओवाळला का?"

"न्हाई, वैनी."

"मग कसं रुळंल ते? बैल आणला तरी करतो की आपण. सरा बाजूला."

ठकुबाई तांब्या, कुंकू आणि भाकरीचा तुकडा घेऊन आल्या. कोंडिबांनी जनावर दोन्ही हातांत धरलं. पण पाय सापडेनात. इतक्या केसांत पाय कुठले आणि पोट कुठलं हे ठरेपर्यंत निम्मा तांब्या कोंडिबांच्या धोतरावर गेला. कुंकवाचं बोट कपाळाला लागताच जनावर शिंकलं, हातातून निसटलं आणि थेट माजघरात भाताच्या कणगीमागे जाऊन बसलं. ओवाळलेला भाकरतुकडा ठकुबाईंच्या कोंबडीनं पळवला.

"आता?" ठकुबाई म्हणाल्या.

"आता कणगी हलवायची."

"भरलेली हाय, भावजी!"

"खंडीभर धोंडे हलवलेत मी. तुमी फकस्त त्या अंगानं धरा."

कणगी हलली. आधी थोडी हलली, मग बरीच हलली. कोंडिबांनी पहार घातली होती ती बरोबर, पण खालची जमीन काही खात्याच्या सोलिंगची नव्हती. कणगी कलली आणि माजघरभर भात पसरलं. ती बातमी ठकुबाईंच्या कोंबड्यांना कुणी दिली कोण जाणे, सगळ्या आत आल्या. जनावर त्या गोंधळातून शांतपणे चालत बाहेर गेलं आणि आपणहून पेंढ्यात शिरलं.

"बघा, घर वळखलं त्यानं," ठकुबाई कोंबड्या हाकत म्हणाल्या.

घर ओळखलं असेल, पण जेवण नाही. कोंडिबांनी भाकरी दिली, दूध दिलं, गूळ दिला, हिरवा हरभरा दिला, लसूणघास आणून दिला. ते पेंढ्यापाशी बसून हात पुढे करत आणि हाताला मुंग्या येईपर्यंत तसाच धरून ठेवत. पेंढा हलत नसे. सकाळी पाहावं तर पाल्याचं एखाददुसरं देठ कुरतडलेलं. तेवढ्यावरच ते जनावर तग धरून होतं, आणि तेवढ्यावर पैज जिंकता येत नव्हती. आठवड्याच्या मध्यावर ते हाताला हलकं लागायला लागलं. कोंडिबांनी टोपी घातली, टोपली उचलली आणि भोरच्या जनावरांच्या दवाखान्यासाठी सडक गाठली.

गाडीला बाजाराची गर्दी होती. ठकुबाईही मेथीच्या जुड्यांची पाटी घेऊन त्याच गाडीत चढल्या. कंडक्टर सोपान हा या रस्त्यावरचा जुना माणूस. गर्दीत घंटा ऐकू जात नाही असं त्याचं ठाम मत होतं, म्हणून तो तोंडानंच कडक शिट्टी घाली: थांबायला एक, सुटायला दोन.

"मुकादम, टोपलीत काय?"

"जनावर."

सोपाननं झाकण उचललं. बराच वेळ पाहिलं. "ह्येचं तिकीट कशात धरू? कोंबडीत का कोकरात?"

"कशात बी धर. पर फाड लवकर."

"पाखरू न्हाई, शेळी न्हाई... मुकादम, तुमीच सांगा, हाय काय हे?"

"मधलंच कायतरी," ठकुबाई पाटीमागून म्हणाल्या.

सोपान विचार करत राहिला. विचार करताना तिकीट फोडायचा चिमटा रिकामाच वाजवायची त्याची सवय होती. कट-कट. कट-कट.

टोपलीतून शिट्टी आली. लांब, कडक, गाडीभर ऐकू जाणारी. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. उभी माणसं बसलेल्यांवर गेली आणि ठकुबाईंची पाटी टोपलीवर कलंडली.

"कोण उतरतंय?" ड्रायव्हर ओरडला.

कुणीच उतरत नव्हतं. टोपलीतून एक केसाळ डोकं वर आलं होतं आणि ते ठकुबाईंची मेथी खात होतं. असं तसं नाही, गिरणीत दाणे पडावेत तसं. जुडी संपली तसं जनावर थबकलं.

"सोपान, वाजव! वाजव परत!"

कट-कट. दुसरी जुडी हलायला लागली.

"माझी मेथी!" ठकुबाई म्हणाल्या.

"भोरच्या बाजारात काय भाव लावणार हुता तो लावा, वैनी. पर हात लावू नका."

भोर आलं. कोंडिबा दवाखान्यात गेले नाहीत. ते मेथी घेऊन त्याच गाडीनं परत फिरले. त्यानंतर सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी, असा जनावराच्या जेवणाचा क्रम लागला. पहिल्या दिवशी उतारूंना मजा वाटली. नंतर सोपानचा चेहरा बदलला.

"मुकादम, ही एसटी हाय, खानावळ न्हाई."

"मग चिमटा दे मला. चार दिसांनी आणून देतो."

"सरकारी हाय. माझ्या सह्या हायेत त्यावर. जीव मागा, चिमटा मागू नका."

शनिवार उजाडला. उद्या गीता येणार. ती आल्यावर तिला गाडीत बसवून भोरला नेऊन दाखवावं, असं कोंडिबांच्या मनात येऊन गेलं. पण पैज घरातली होती. त्यांनी पक्कड घेतली आणि पेंढ्यापाशी वाजवली. मग कात्री, मग दाराची कडी. मग ट्रंकेचं कुलूप उघडझाक करून पाहिलं. मग जिभेनं टाळूवर वाजवून पाहिलं, तेव्हा रस्त्यानं जाणारा एक बैल तेवढा थांबला. पेंढा हलला नाही.

ठकुबाई दुपारभर आपल्या अंगणातून हे ऐकत होत्या. शेवटी कुंपणापाशी आल्या.

"सगळं वाजवून झालं, भावजी?"

"झालं."

"खुंटीवरचं तेवढं ऱ्हायलं."

कोंडिबांनी मान वर केली नाही. ठकुबाई आपल्या घरात गेल्या.

खुंटीवरच्या चंचीत काय आहे, हे कोंडिबांना पुरतं माहीत होतं. सगुणाबाईंचा पितळी अडकित्ता. दुपारी जेवणं झाली की उंबऱ्यात बसून त्या सुपारी कातरत. कट-कट, कट-कट. कोंडिबांची दुपारची झोप त्या आवाजानं जन्मभर मोडली. "सगुणे, बास कर की तुजं ते लोहारकाम!" ते आतून ओरडत. "एवढी खांडं झाली की करतेच बास," असं उत्तर येई, आणि बास कधीच होत नसे. गेल्या हिवाळ्यात ते झालं. तेव्हापासून कोंडिबांना दुपारी झोप लागली नव्हती.

दिवेलागणीला ते उठले. चंची काढली. तिच्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली. आत अर्धी कातरलेली सुपारी होती. ती त्यांनी तशीच ठेवली आणि दुसरी आख्खी घेतली. पेंढ्यापाशी येऊन बसले. अडकित्ता हातात नीट बसेना. आयुष्यात कधी धरला नव्हता.

कट-कट.

पेंढ्यातून शिट्टी आली. कोंडिबांनी मेथीची जुडी पुढे केली. केसाळ डोकं बाहेर आलं, आधी हात हुंगला, मग मेथी ओढली आणि तिथंच, गुडघ्याला टेकून, खायला लागलं.

"आरं गड्या," कोंडिबा म्हणाले. त्यांनी आणखी एक सुपारी घेतली.

रविवारी दुपारी गीता सडकेवरून घराकडे वळली आणि फाटकाशीच थांबली. आतून आवाज येत होता. कट-कट. कट-कट. ती फाटकाच्या दांड्यावर हात ठेवून उभी राहिली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली.

ओसरीवर कोंडिबा सुपारी कातरत बसले होते. अंगठ्याला चिंधी बांधलेली. समोर परातीत कातरलेल्या सुपारीचा ढीग. ठकुबाई आणि आळीतले दोघेतिघे पान जमवून गप्पा मारत बसले होते. कुणाच्या तरी घरचा चुना फिरत होता. आणि कोंडिबांच्या गुडघ्याला टेकून ते जनावर कोथिंबीर खात होतं.

"भावजी, बास करा की तुमचं ते लोहारकाम," ठकुबाई म्हणाल्या. "कान किटले आमचे."

"एवढी खांडं झाली की करतोच बास," कोंडिबा म्हणाले. मग त्यांना गीता दिसली. त्यांनी कोथिंबिरीची काडी हातात धरली. जनावरानं ती हातातून ओढून घेतली.

"कॉलेजात पिंजऱ्याच्या कडीचा असाच आवाज होतो," गीता म्हणाली. "कडी वाजली की जेवण येतं, हे त्यांना कळतं. माझ्या लक्षातच आलं नाही सांगायचं."

"सांगितलं असतंस तर आमची मेथी वाचली असती," ठकुबाई म्हणाल्या.

गीतानं पुण्याचा विषय काढला नाही. तिनं चहा केला, सगळ्यांना दिला, आणि निघायच्या वेळी नुसतं टोपलीकडे बघितलं.

"मग हे मी परत घेऊन जाऊ ना?"

"कुठं? आत्ता कुठं रुळलंय," कोंडिबा म्हणाले आणि टोपली काखेत मारून तिला पोचवायला निघाले.

गाडी आली. गीता खिडकीशी बसली. कोंडिबा तिच्या खिडकीखाली, ड्रायव्हरच्या अंगाला, उभे राहिले. तिला काही विचारायचं होतं, पण शब्द दिलेला होता. त्यांनाही काही सांगायचं होतं, पण पैज नुकतीच जिंकलेली होती. दोघंही रस्त्याकडे बघत राहिले. तेवढ्यात सोपान मागच्या शिडीनं टपावर पोतं चढवून खाली उतरला.

"काय गड्या, आज जेवण घरीच का?" असं म्हणून त्यानं टोपलीपाशी गमतीनं चिमटा वाजवला.

टोपलीतून शिट्टी आली. एक. मग लगेच दुसरी.

दोन शिट्ट्या म्हणजे सुटायचं. ड्रायव्हरनं गाडी सोडली.

"आरं! आरं, थांब!" सोपान चिमटा उंचावून गाडीमागं धावला. गाडीत गीता उभी राहिली होती आणि काचेतून मागे बघत होती. कोंडिबा धावले नाहीत. त्यांनी शांतपणे बंडीच्या खिशात हात घातला, अडकित्ता काढला आणि टोपली तोंडापुढे उंच धरली.

कट-कट.

शिट्टी आली. एकच, लांबलचक. पुढे ब्रेक किंचाळले आणि गाडी धुरळ्यात थांबली.

सोपान धापा टाकत चढला. कोंडिबा मागून आपल्या चालीनं खिडकीपर्यंत आले.

"एक सांगायचं ऱ्हायलं हुतं," ते गीताला म्हणाले. "दिवाळीला चार दिस येतो मी. फकस्त चार. ह्येला घिऊन."

गीतानं मान हलवली. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून टोपलीचं झाकण नीट लावलं.

"जरूर या, मुकादम," सोपान दारातून म्हणाला. "फकस्त तो अडकित्ता तेवढा घरी ठिवून या."

"मग त्यानं जेवायचं कसं?"

सोपाननं एकदा टोपलीकडे पाहिलं, एकदा हातातल्या चिमट्याकडे पाहिलं, आणि दोन शिट्ट्या घातल्या.