सहा वाजून नऊ मिनिटांचे चार्जिंग

मुहूर्त चुकला की कार्य बिघडते, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. नोंथाबुरीतल्या आमच्या थाई वसाहतीने ते थेट वीजपुरवठ्याला लागू केले, याचा चिटणीस या नात्याने मला अभिमान वाटतो.

वसाहतीत घरे एकशे वीस, विजेच्या गाड्या बासष्ट, ट्रान्सफॉर्मर एक. पूर्वी चार्जिंगचा सावळागोंधळ असे. कोणी संध्याकाळी लावी, कोणी पहाटे, कोणी बायको ओरडल्यावर. या बेशिस्तीमुळे ट्रान्सफॉर्मरला कधी काही झाले नाही, पण शोभा राहत नव्हती. म्हणून अध्यक्ष सुथेप यांनी विहारातल्या थोरल्या भिक्षूंकडून वेळ काढून आणली: गुरुवार, संध्याकाळी सहा वाजून नऊ मिनिटे. त्या वेळी जोडलेली गाडी जन्मभर दगा देत नाही. (नऊ हा आमचा भरभराटीचा आकडा. नंबरात तो नसेल तर गाडीत मेहुणासुद्धा बसत नाही.)

गुरुवारी सहाला भोंग्यावर रोजचे राष्ट्रगीत झाले आणि उभी राहिलेली माणसे तशीच प्लगकडे वळली. बासष्टच्या बासष्ट गाड्या जोडल्या गेल्या. एवढी हजेरी मतदानालाही नसते. घरोघरी एसी चालू होते, भात शिजत होता. ट्रान्सफॉर्मर दोन मिनिटे टिकला. याचे श्रेय मुहूर्ताला देणारा ठराव पुढे एकमताने मंजूर झाला.

सहा अकराला लमाई मावशी रस्त्यावर धावत आल्या. त्यांचे यजमान ऑक्सिजनच्या यंत्रावर असतात आणि यंत्र विजेवर.

"अरे, तुमच्या गाड्यांतून वीज बाहेर काढता येते ना? एक वायर द्या रे कुणीतरी! म्हातारा तडफडतोय माझा!"

"दिली असती हो मावशी," अध्यक्ष म्हणाले, "पण मुहूर्तावर भरलेली वीज लगेच काढायची म्हणजे अपशकुन. शेजारी बघा ना."

शेजाऱ्यांनी पुढच्या शेजाऱ्यांकडे पाठवले. कोणाला सकाळी समुद्रावर, हुआ हिनला जायचे होते, कोणाला वायर सापडेना. मावशींनी एकवीस दारे वाजवली. शेवटी मांसाचे गोळे विकणाऱ्या तुएंगने आपल्या खटारा पेट्रोल पिकअपमध्ये म्हाताऱ्याला घातले आणि इस्पितळ गाठले. म्हातारा वाचला. तुएंगला धुराबद्दल तिसरी नोटीस गेली.

त्या संध्याकाळी वसाहतीतल्या गाड्यांत सरासरी त्र्याहत्तर टक्के वीज होती. माझ्या गाडीत अठ्ठ्याऐंशी. एकविसावे दार माझेच. मी पडद्याआड उभा होतो, आणि मला लाज वाटली. (शंभर झाले की देणारच होतो.) तुम्ही मला नावे ठेवा, हरकत नाही. फक्त त्याआधी तुमच्याकडे किती टक्के आहे आणि दार वाजले तर तुम्ही कुठे उभे असाल, तेवढे सांगा.