शनिवारसाठी एक खरं भांडण

शिक्षण खात्याची समिती शनिवारी शाळेत येणार असं कळलं, आणि शांतिसरांच्या लक्षात आलं की आपल्या शाळेत भांडण नावाची वस्तूच शिल्लक राहिलेली नाही.

तसं पाहिलं तर मूल्यशिक्षणाच्या सरांनी यात आनंद मानायला हवा. त्यांना शांतिसर म्हणायचे ते मात्र शांत स्वभावामुळे नव्हे. तासाला उठता-बसता डस्टर टेबलावर आपटून ते "शांतता!" असं ओरडायचे, आणि ते ओरडणं मैदान ओलांडून रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जायचं. अशा माणसाने नववीतली मुलं निवडून 'शांतिदूत' नावाचं पथक काढलं, त्यांच्यासाठी स्वतः पुस्तिका लिहिली आणि ती पदरमोड करून छापूनही आणली. माणूस मनापासून करत होता, यात शंका नाही.

पथकाची पद्धत सोपी होती. भांडणाऱ्या दोघांना समोरासमोर खुर्च्यांवर बसवायचं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. मग ऐकणाऱ्याने, तो काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगायचं. पहिला जोवर "हो, असंच" म्हणत नाही, तोवर दुसऱ्याला स्वतःचं एक अक्षर बोलायची परवानगी नाही. आणि मध्ये कुणी "पण" म्हटलं की शांतिदूताने टेबलावरची घंटी वाजवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ही घंटीची कल्पना सरांची स्वतःची, आणि तिचा त्यांना फार अभिमान होता.

पोरं या पद्धतीला इतकी कंटाळली, की भांडायचीच बंद झाली. मधल्या सुट्टीत एकाने दुसऱ्याला बाकावरून ढकललं, तर पडलेला पोरगा कपडे झटकत उठला आणि हात जोडून म्हणाला, "मला काही लागलं नाही. उलट बरं वाटलं. शांतिदूतांना बोलावू नकोस, माझी सुट्टी जाईल."

इथवर सगळं छान होतं. पण समितीच्या अध्यक्ष बाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "सर, आम्हाला भाषण नको, नाटक नको. मुलं प्रत्यक्ष भांडण कसं मिटवतात ते बघायचंय. खरं भांडण दाखवा." कार्यक्रम आवडला तर सगळ्या शाळांतल्या मुलांना शिकवायला समिती एक प्रमुख प्रशिक्षक नेमणार होती. तो प्रमुख प्रशिक्षक सरांच्या घरातल्या आरशासमोर उभा राहून आभाराचं भाषण करायलाही लागला होता. सरांची बायको दारातून बघून जायची.

झालं, सर भांडणाच्या शोधात शाळाभर हिंडायला लागले. सातवीतली दोन पोरं एका बाकावर बसायची. सरांनी त्यातल्या एकाला बाजूला घेतलं.

"काय रे, तो तुझं खोडरबर रोज घेतो म्हणे?"

"हो सर."

"मग? तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना सर. त्याला एक नवं घेऊन द्यावंसं वाटतं."

"अरे, कसला मुलगा आहेस तू!" सर ओरडले. पोरगा घाबरला. आपलं काय चुकलं ते त्या बिचाऱ्याला दहावीपर्यंत कळायचं नाही.

मग त्यांनी पीटीच्या सरांना गाठून सहज म्हणून सांगितलं की, तुमच्या शिट्टीचा संगीताच्या बाईंना फार त्रास होतो. पीटीचे सर ताबडतोब गेले आणि बाईंची माफी मागून आले. शुक्रवार उजाडला तरी शाळेत साधी कुरबुर मिळेना.

शेवटी सरांनी पथकाला वर्गात उभं केलं. "हे बघा, कुठूनही आणा, पण उद्या मला खरं भांडण पाहिजे. ताजं, न मिटलेलं! भांडणारे लहान की मोठे, आपले की परके, ते बघायचं नाही. शांतिदूताने कुणाची भीडभाड ठेवायची नसते."

पहिल्या बाकावरून हात वर झाला. ही पथकाची प्रमुख, बबडी, सरांची सख्खी पुतणी. घरी ती त्यांना "काका, तू" म्हणायची आणि शाळेच्या फाटकातून आत आली की "सर, तुम्ही."

"कुणाचीच भीडभाड ठेवायची नाही, सर?"

"कुणाचीच नाही!" सर म्हणाले आणि डस्टर आपटलं.

आता हे घर कसं होतं ते सांगायला हवं. वरच्या मजल्यावर सरांचा थोरला भाऊ, वहिनी आणि बबडी. खाली सर आणि त्यांची बायको. दादा छापखान्यात रात्रपाळीला. सकाळी घरी यायचा, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचा आणि झोपायचा. ते पाणी गाळ घेऊन खाली सरांच्या धुतलेल्या शर्टांवर उतरायचं. सरांनी काही न बोलता दोरीच्या वर पत्रा ठोकला. मग पाणी त्या पत्र्यावर टप टप वाजायला लागलं आणि दादाची झोप उडाली. एके दिवशी तो पत्रा खाली सरांच्या स्कूटरवर पडला. आरसा फुटला. दादा वरून म्हणाला, "वाऱ्याने पडला." झाडाचं पान हलत नव्हतं.

सरांनी पत्रा पुन्हा ठोकला, आणि तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. दादा जिन्यावरून उतरताना दिसला की सर चपलेत खडा गेल्यासारखे खाली वाकायचे. दोघी जावांचं मात्र उत्तम चाललं होतं. एकमेकींच्या नवऱ्यांची तक्रार ऐकून घ्यायला हक्काचं माणूस मिळालं होतं. लहानपणी एका सायकलवर डबलसीट शाळेत गेलेले हे भाऊ! सरांना कधीकधी जेवताना वरून खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा आणि ते घास हातात धरून वर बघत बसायचे. पण हे कबूल कोण करणार? पुस्तिका लिहिणारा माणूस तर नाहीच नाही.

शनिवारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत समिती बसली, शेजारी मुख्याध्यापिका बाई. व्यासपीठावर समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये टेबल, टेबलावर घंटी. सरांनी प्रास्ताविक केलं, मग बबडीने माईक घेतला आणि म्हणाली, "पहिल्या पक्षाने यावं."

बाजूच्या दारातून दादा आला. इस्त्रीचा शर्ट, नखांत शाई, डोळे तांबारलेले. येऊन गुपचूप खुर्चीत बसला. सरांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"काक..., सर, दुसऱ्या खुर्चीत तुम्ही बसायचं," बबडी म्हणाली.

"बबडे, हा काय आचरटपणा?" सर दातांवर दात धरून पुटपुटले.

"तुम्हीच म्हणालात ना, कुणाचीच भीडभाड ठेवायची नाही?" ती माईकवरच बोलली. सभागृहाने ऐकलं. अध्यक्ष बाईंनी चष्मा पुसून नीट लावला.

"भांडण खरं आहे ना गं?" त्यांनी विचारलं.

"एकदम खरं, बाई. मी वरच राहते. मला दोन्हीकडचं ऐकू येतं."

बसण्याशिवाय इलाज नव्हता. सर खुर्चीच्या कडेवर टेकले. दादाने घसा साफ केला. "मी रात्रपाळी करून येतो. जरा डोळा लागतोय तोवर खाली पत्रा वाजायला लागतो. टप, टप, टप. डोकं फिरतं."

"सर, बाबा काय म्हणाले?"

"ते म्हणाले की पत्रा वाजतो. पण तो वाजतो कारण वरून पाणी..."

ठण्ण!

"'पण' आला, सर."

"बरं, बरं. ते म्हणाले की झोप होत नाही. आता या जगात पुरेशी झोप कुणाची होते म्हणा..."

ठण्ण!

"आता कुठे 'पण' म्हणालो मी?"

"टोमणा होता, सर. टोमण्यालाही घंटी असते. तुमच्या पुस्तिकेतच लिहिलंय."

मागच्या बाकांवर पोरं एकमेकांच्या पाठीत तोंड खुपसून हसत होती. ज्या हातांनी ही घंटी बाजारातून आणली ते हात मोडून घ्यावेत, असं सरांना वाटलं. पुढचे सगळे प्रयत्न असेच घंटीत गेले. अखेर घामाघूम होऊन त्यांनी म्हटलं, "दादा रात्रभर उभा राहून काम करतो. घरी आल्यावर पत्र्यामुळे त्याला झोप लागत नाही. डोकं फिरतं."

"बाबा, असंच का?"

दादाने नखांतल्या शाईकडे पाहिलं. मग मान हलवून म्हणाला, "नाही."

"नाही?" सर खुर्चीतून उठलेच. "अक्षर न अक्षर तेच बोललो मी!"

"पत्र्याचं काही नाही रे," दादा म्हणाला. आता तो सभागृहाकडे नाही, भावाकडे बघत होता. "तू पुस्तिका कुठे छापलीस?"

सर खाली बसले.

"आयुष्यभर मी दुसऱ्यांची पुस्तकं छापली. माझ्या भावाने पहिल्यांदा काही लिहिलं, तर ते पलीकडच्या गल्लीतल्या छापखान्यात. आमच्याकडच्या पोरांनी मला विचारलं, 'काय हो, भावाचं पुस्तक आपल्याकडे नाही?' काय सांगणार होतो मी? मशीनकडे तोंड करून उभा राहिलो. त्यानंतर तो पत्रा दिसला की माझं मस्तक फिरायचं, इतकंच."

बबडीचा हात घंटीवर होता. हे तिलाही ठाऊक नव्हतं. "सर," ती हळूच म्हणाली, "बाबा काय म्हणाले?"

सर खुर्चीच्या कडेवरून मागे सरकून नीट बसले. "दादा म्हणतो की माझं पुस्तक त्याच्या हातून छापायला हवं होतं. मी ते दुसरीकडे नेलं. चारचौघांत त्याला मान खाली घालावी लागली." ते थांबले. सगळं सभागृह पुढच्या 'पण'ची वाट बघत होतं. "त्याला फार वाईट वाटलं."

"हो," दादा म्हणाला. "असंच."

आता बोलायची पाळी सरांची होती. "मी तुला कच्चा मजकूर दाखवला होता. तू एक पान वाचलंस, जांभई दिलीस, आणि म्हणालास, हे सगळं तीन ओळींत मावेल."

"बाबा, सर काय म्हणाले?"

"तो म्हणतो मी जांभई दिली. पण मी रात्रपाळी करून..."

ठण्ण! आता तर मुख्याध्यापिका बाईही हसल्या.

"बरं बाई! त्याला वाटलं की मला त्याच्या लिहिण्याची किंमत नाही."

"हो, असंच," सर म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून उगीचच पुसला.

"आणि त्या दिवशी वारा नव्हता," दादा म्हणाला. हे त्याला कुणी विचारलंही नव्हतं. "काठीने ढकलला मी पत्रा."

"ते मला माहितेय. आज झोपला नाहीस का तू?"

"बबडी म्हणाली, काकाला भांडण मिळत नाहीये, त्याची फजिती होईल. पाळी संपली तसा आंघोळ करून आलो."  सरांनी टेबलावरचा स्वतःचा पाण्याचा पेला भावापुढे सरकवला.

पुढच्या आठवड्यात समितीचं पत्र आलं. कार्यक्रम अतिशय आवडला होता. प्रशिक्षणाची सगळी जबाबदारी शांतिदूतांच्या पथकावर सोपवण्यात येत होती. मुलांना मुलंच उत्तम शिकवतात, असं समितीचं मत झालं होतं. प्रमुख प्रशिक्षक म्हणून बबडीचं नाव होतं. सरांनी पत्र उलटून मागची बाजूही पाहिली. खाली एक ओळ होती: प्रात्यक्षिकासाठी दोन्ही बंधूंनी प्रत्येक शाळेत उपस्थित राहावे. सरांना लागलं, चांगलंच लागलं. ते पत्र घेऊन कित्येक महिन्यांनी जिना चढून वर गेले.

"मला वाटलं होतं, मला बोलावतील," ते म्हणाले.

"बोलावलंय की," दादा पत्र वाचून म्हणाला. "भांडायला." वहिनींनी चहा टाकला. सरांची बायकोही वर आली.

"पुढच्या शनिवारी पहिली शाळा आहे, काका," बबडी म्हणाली. "खरं भांडण लागेल हं. नाटक चालत नाही त्यांना."

भाऊ एकमेकांकडे बघत बसले. पत्रा काढून झाला होता, कुंड्यांखाली ताटल्या आल्या होत्या, आरसा दादाने बसवून दिला होता. मोठीच पंचाईत झाली. चहा संपला तरी कुणाला काही सुचेना.

"ते राहू दे," शेवटी दादा म्हणाला. "पुस्तिकेची दुसरी आवृत्ती मी छापतो, आमच्या छापखान्यात. झकास कागद वापरू."

"खरंच? दादा, तू..." सरांनी खुर्ची जवळ ओढली.

"फक्त थोडी कापावी लागेल."

"थोडी म्हणजे किती?"

"मी म्हणालोच होतो की तुला. तीन ओळी."

"तीन ओळी? तीन ओळींत शांतता मावते होय? तू वाचलीस तरी का ती?"

"म्हणून तर सांगतोय!"

"पण..."

"पण काय? पहिल्या पानावरच माणूस झोपतो!"

"तू झोपतोस! तुला कुठेही झोप लागते, फक्त माझा पत्रा वाजला की नाही!"

आवाज चढले. शेजारच्या घराची खिडकी उघडली. सरांची बायको घाईघाईने उठली. "अगं बाई, पुन्हा सुरू झाले हे! बबडे, कुठेय तुझी ती घंटी?"

बबडीने दप्तरातून घंटी काढली, क्षणभर हातात धरली, आणि तिच्या लोलकाला रुमाल गुंडाळून पुन्हा आत ठेवली.

"काकू, बस खाली," ती म्हणाली. "मिटवू नकोस. शनिवारी लागणार आहे."